मंडईचा पाहुणा : झाडीपट्टीतील पाहुणचार आणि सोंगांचा इतिहास

वैनगंगेच्या खोऱ्यात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत पसरलेला, धानाच्या बांध्या, तलाव आणि दाट जंगल यांनी व्यापलेला जो सलग प्रदेश आहे, त्याला झाडीपट्टी असे म्हणतात. भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील एकोडी हे गाव याच प्रदेशात मोडते. या भागात दिवाळी संपताच गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी भरणारी गावजत्रा, जिच्यासाठी लेकी-जावई, सोयरे आणि मित्र आवर्जून बोलावले जातात, दुपारी घरोघरी जेवणे होतात, दिवसा चौकात दंडार किंवा खडी गंमत चालते आणि रात्री नाटक उभे राहते. वेषधारी पात्रांच्या सान्निध्यात आप्तमित्रांनी एकत्र जेवावे, ही आज पर्यटनव्यवसायाने महागड्या विश्रामस्थळांत विकायला काढलेली कल्पना या प्रदेशात शेतीच्या हंगामाचा भाग म्हणून पूर्वीपासून रुळलेली आहे, मात्र तिचा खर्च, तिचे यजमान आणि तिचे हेतू पूर्णपणे वेगळे आहेत.

झाडीपट्टीच्या रंगभूमीची चर्चा साधारणपणे नाटकाची संहिता, संगीत, गाजलेले नट आणि हंगामातील उलाढाल यांभोवती फिरते. त्या चर्चेत एक साधी वस्तुस्थिती मागे पडते, ती अशी की या नाटकाचा प्रेक्षक पुष्कळदा कुणाच्या तरी घरी जेवून मंडपात आलेला पाहुणा असतो. लहानशा गावात एका रात्री हजारोंचा समुदाय जमतो, तो जाहिरातीइतकाच, किंबहुना अधिक, घराघरांनी दिलेल्या आमंत्रणांमुळे जमतो. त्यामुळे या रंगभूमीच्या इतिहासाची निम्मी बाजू चुलीपाशी शोधावी लागते, आणि मंडईतील पाहुणचार कसा घडला व कसा बदलला हे पाहिल्यावाचून तिकिटावर चालणारे हे नाटक खेड्यात कसे टिकले याचा उलगडा होत नाही.

धानाचा हंगाम आणि आमंत्रणाचा काळ

मंडईचे वेळापत्रक पंचांगापेक्षा शेतीने अधिक ठरवले आहे. भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजातील जाणकारांनी उतारांवर पाळी घालून बांधलेले मोठे तलाव आणि त्यांच्या जोडीला असलेली बोडी, म्हणजे शेताजवळचे लहान तळे, यांच्या भरवशावर येथे भातशेती उभी राहिली. लवकर पिकणारे धान, ज्याला हलके धान म्हणतात, ते दिवाळीच्या सुमारास कापणीला येते, तर भारी धान, म्हणजे उशिरा पिकणारे वाण, त्यानंतर काही आठवड्यांनी कापले जाते. या दोहोंच्या मधला काळ असा असतो की घरात नवा तांदूळ आलेला असतो आणि मुख्य मळणीची घाई अजून सुरू झालेली नसते. पावसाळ्यात चिखलाने अडवलेले रस्ते मोकळे होतात, तलाव भरलेले असतात आणि रात्रीची थंडी अजून बोचरी झालेली नसते. पाहुणे बोलावण्यास याहून सोयीचा काळ धानउत्पादक गावाच्या वर्षात सहसा सापडत नाही.

भाऊबीज या काळाच्या आरंभीच येते आणि सासरी गेलेल्या लेकी माहेरी आलेल्या असतात, त्यामुळे मंडईच्या आमंत्रणांचा पहिला धागा नात्याचा असतो. तिथून पुढे एकेका गावाची मंडई वेगवेगळ्या दिवशी येते. आसपासच्या गावांचे दिवस एकमेकांवर पडू नयेत अशी काळजी घेतली जात असल्याने एकाच माणसाला पाच-सहा गावांच्या मंडया करता येतात. आज जो पाहुणा म्हणून जेवतो, तोच काही दिवसांनी आपल्या गावी यजमान होतो. अशा रीतीने पाहुणचाराची देवघेव पंचक्रोशीत फिरत राहते आणि कोणत्याही एका घरावर कायमचे ऋण साचत नाही. विवाहयोग्य मुलामुलींना पाहण्या-दाखवण्याचे कामही याच दिवसांत होते, कारण मंडईला आलेल्या तरुणाने कुणाच्या घरी जेवणे हे उघड बघणीचे रूप न घेताही सोयरिकीची चाचपणी करण्याचे साधन ठरते. झाडीपट्टीतील अनेक लग्नांची बोलणी मंडईत सुरू होतात, हे तेथे सर्वश्रुत आहे.

नात्याबरोबर मैत्रीलाही या आमंत्रणांत स्वतंत्र स्थान आहे. झाडीपट्टीच्या पूर्वेला लागून असलेल्या छत्तीसगडात महाप्रसाद, गंगाजल, भोजली अशा नावांनी दोन व्यक्ती विधिपूर्वक मैत्री जोडतात आणि त्यानंतर दोन्ही कुटुंबे सोयऱ्यांप्रमाणे एकमेकांच्या सुखदुःखात सामील होतात. मंडईतील मैत्री सहसा अशा विधीने बांधलेली नसली, तरी तिचा व्यवहार त्याच धर्तीचा असतो: जातीच्या नात्याबाहेरचा, बाजाराच्या, शाळेच्या किंवा बैलांच्या व्यवहारातून ओळखीचा झालेला माणूस वर्षातून एकदा घरच्या पाटावर बसतो आणि पुढच्या फेरीत यजमानाला आपल्या घरी नेतो.

जेवणाचे पदार्थही या हंगामाचेच असतात. नव्या तांदळाचा भात, तळलेल्या सुवाऱ्या म्हणजे पुऱ्या, उडदाच्या डाळीचे वडे आणि ऐपतीप्रमाणे कोंबडा, बकऱ्याचे मटण किंवा तलावातील मासोळी असा बेत ठरलेला असतो. माळकरी आणि महानुभाव कुटुंबांत अर्थातच मांसाहार वर्ज्य असतो आणि तेथे गोडाधोडाचा व भाज्यांचा बेत होतो. वाढण्यासाठी पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण जंगलातूनच मिळत, तर सधन घरांत भंडाऱ्याच्या कारागिरांनी घडवलेली पितळी भांडी बाहेर निघत, कारण पितळकामासाठी हे शहर दूरवर प्रसिद्ध होते. घराबाहेर, मंडईच्या चौकात, खाद्याची दुसरी फळी लागते: ढीवर समाजाने तलावात पिकवलेले उकडलेले शिंगाडे, ऊस, चणे, मुरमुरे, भजी आणि जिलेबी. घरातले जेवण यजमानाच्या मानाचा विषय असतो, तर चौकातला खाऊ पाहुण्याने यजमानाच्या मुलांना घेऊन द्यायचा असतो. या छोट्याशा परतफेडीमुळे पाहुणाही रिकाम्या हाताने येत नाही.

पात्रे जेव्हा दारात येतात

मंडईतील सोंगांचा, म्हणजे वेष घेऊन साकारलेल्या पात्रांचा, दिवाळीशी असलेला संबंध गोवारी समाजाच्या प्रथेत स्पष्ट दिसतो. गावची गुरे राखणारा हा समाज बलिप्रतिपदेला, ज्या दिवशी गायगोधन म्हणजे गाईगुरांची पूजा होते, सजवलेली ढाल घेऊन नाचत निघतो. ढाल ही उंच काठीवर उभारलेली, वस्त्राने व मोरपिसांनी नटवलेली पूजनीय वस्तू असून तिच्याभोवती गाणी म्हणत, वाद्ये वाजवत नाचणारे गुराखी घरोघर जातात आणि वर्षभराच्या राखणीचा मान म्हणून धान्य, वस्त्र किंवा पैसा घेतात. अन्नाची दिशा येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. घर स्थिर राहते, पात्र चालत येते आणि घराने त्याला अन्न द्यावे असा संकेत असतो. पश्चिम महाराष्ट्रातील वासुदेव आणि बहुरूपी यांची रीतही याच जातीची आहे.

याच प्रथेचे अधिक विस्तृत रूप झाडीपट्टीच्या दक्षिणेला, आदिलाबादच्या राज गोंडांमध्ये आढळते. तेथे दिवाळीच्या आधीच्या दिवसांत दंडारी नावाचे नर्तकांचे पथक एका गावाहून दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जाते. त्यात मोरपिसांचे भव्य मुकुट घातलेले, अंगाला राख फासलेले गुसाडी असतात, ज्यांना त्या काळापुरते दैवी सामर्थ्य लाभलेले असते अशी श्रद्धा आहे. यजमान गाव त्यांचे स्वागत करते, जेवू घालते, आणि कालांतराने त्या गावाचे पथक परतभेटीला जाते. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाने आदिलाबादच्या राज गोंडांवरील आपला ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध केला, आणि गुसाडी नृत्याचे ज्येष्ठ कलावंत कनक राजू यांना २०२१ च्या पद्मश्री पुरस्कारार्थींत स्थान मिळाले. या प्रथेत पाहुणा आणि पात्र एकच असतात, हे तिचे वैशिष्ट्य होय. वेष उतरवून पंगतीला बसण्याची अट नसते, कारण वेषामुळेच पाहुण्याला मान मिळालेला असतो.

झाडीपट्टीच्या दंडारीत हे एकत्व काहीसे सैल झालेले दिसते. दंडार हे पुरुषांनी सादर करावयाचे लोकनाट्य असून त्यात गाणे, नाच, विनोद आणि पौराणिक किंवा सामाजिक प्रसंग यांची गुंफण असते, तर स्त्रीपात्रे लुगडे नेसलेले तरुण करतात. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीबरोबर या प्रदेशाच्या लोकरंगभूमीचा जो दीर्घकाळ अभ्यास केला, त्यामुळे दंडारीकडे स्वतंत्र नाट्यप्रकार म्हणून पाहण्याची दृष्टी रूढ झाली. दंडारीच्या जोडीने खडी गंमत चालते. तीत शाहीर, ढोलकी आणि तुणतुणे यांच्या साथीने उभ्याने गाणी होतात, नाच्या म्हणजे स्त्रीवेषातील नर्तक रंग भरतो, आणि दोन शाहिरांचे फड समोरासमोर आले म्हणजे तिला दुय्यम खडी गंमत असे म्हणतात. कलगी आणि तुरा या शाहिरीच्या दोन संप्रदायांतील सवाल-जबाबांची परंपरा या सामन्यांमागे आहे, आणि मंडईच्या दिवशी ती भर चौकात, दुकानांच्या गर्दीत रंगते.

दंडार करणारे तरुण गावातलेच असत. दुपारी पंगतीत वाढणारा, पाहुण्यांना पाण्याचे गडवे नेऊन देणारा मुलगाच संध्याकाळी राणीच्या किंवा गवळणीच्या वेषात उभा राहत असे, आणि त्याला ओळखणारे पाहुणे पात्रावर जितके हसत तितकेच त्या मुलावरही. प्रेक्षकाचा आनंद दुहेरी होता: कथेतील व्यक्तिरेखा आणि तिच्या आडचा ओळखीचा माणूस हे दोघेही त्याला एकाच वेळी दिसत असत. पात्रामागचा माणूस अजिबात दिसू नये, यावर आधुनिक मनोरंजन उद्यानातील मुखवटाधारी पात्राचा सारा व्यवहार उभा असतो. दंडारीला मात्र तो माणूस दिसत राहण्यातच गंमत वाटते.

मालगुजाराचा वाडा आणि पंगतीच्या रेषा

१८५३ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली, आणि त्या दशकातील जमाबंदीने मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्यांना, जमिनीचे मालकी हक्क दिले. पुढे जवळपास ९० वर्षे गावाचा तलाव, जंगलाचा काही भाग आणि गावठाण यांवर मालगुजाराची सत्ता राहिली, आणि साहजिकच गावच्या करमणुकीचा आश्रयदाताही बहुतेक ठिकाणी तोच झाला. फडाला बिदागी देणे, तेलाच्या टेंभ्यांची व पुढे गॅसबत्त्यांची सोय करणे, दूरच्या मानकऱ्यांना वाड्यावर जेवू घालणे ही त्याच्या प्रतिष्ठेची कामे होती. युरोपातही राजेरजवाड्यांच्या मेजवान्यांत देखावे आणि वेषधारी पात्रे आणण्याची रीत होती. १४५४ मध्ये लील येथे बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने दिलेली मेजवानी तशा देखाव्यांसाठीच इतिहासात गाजली. सत्ताधारी आपले वैभव ताटातून आणि सोंगांतून एकाच वेळी दाखवतो, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे, जरी लीलच्या दरबारात सामान्य रयतेला प्रवेश नव्हता आणि मंडईच्या चौकात तो सर्वांना होता.

मात्र चौकाचा मोकळेपणा पंगतीत नव्हता. कोण कोणाच्या घरी जेवेल, कोण कोणाच्या हातचे पाणी घेईल आणि कोणाची पंगत कुठे बसेल, हे जातीच्या नियमांनी बांधलेले होते. पोवार, कोहळी, कुणबी, तेली, गोंड, हलबा, गोवारी, ढीवर, महार अशा अनेक समाजांच्या गावात मंडई एक असली तरी जेवणे अनेक ठिकाणी वेगवेगळी होत, आणि अस्पृश्य मानलेल्यांना प्रयोग पाहतानाही दूर बसावे लागे. त्यामुळे मंडईचे वर्णन सरसकट समतेचा उत्सव म्हणून करणे इतिहासाला धरून होणार नाही. नेमके असे म्हणता येईल की एकाच दिवशी अन्न माणसांना वेगळे करीत होते आणि सोंग त्यांना एकाच मैदानात आणत होते, आणि या ताणातूनच पुढचे बदल घडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५४ मध्ये भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली. त्यांचा पराभव झाला, तथापि या जिल्ह्यातील दलित समाजाच्या राजकीय जागृतीला त्या निवडणुकीने बळ मिळाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेल्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध वस्त्यांनी जुनी मानपानाची कामे नाकारली, आणि बुद्ध व आंबेडकर यांच्या जीवनावरील गाणी व नाट्ये आपल्या मंडपात उभी केली.

स्त्रियांचे स्थानही या व्यवस्थेत दुय्यमच होते. पाहुणचाराचे सारे श्रम त्यांच्यावर पडत, स्वतःचे जेवण शेवटी होई, आणि दंडारीत स्त्रीची भूमिकाही पुरुषच करीत. तरीही रात्रीच्या नाटकाला स्त्रियांची मोठी उपस्थिती हे झाडीपट्टीचे लक्षणीय वैशिष्ट्य राहिले आहे. भाऊबिजेला आलेल्या लेकींना माहेरच्या माणसांबरोबर उघड्यावर रात्रभर बसण्याची सामाजिक मुभा मंडईमुळे मिळाली, आणि पुढे नाटक कंपन्यांनी कौटुंबिक, रडू आणणाऱ्या कथानकांना जे प्राधान्य दिले, त्याचे एक कारण या प्रेक्षकवर्गात असावे.

वाड्याकडून मंडळाकडे

१९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली. तलाव आणि जंगल सरकारकडे गेले, वाड्यांची मिळकत आटली आणि मंडईच्या खर्चाचा प्रश्न गावापुढे उभा राहिला. यावर गावांनी काढलेला मार्ग म्हणजे आयोजक मंडळ: तरुणांनी वर्गणी गोळा करायची, कंपनीला ठरावीक रक्कम द्यायची, बंदिस्त शामियाना उभारून तिकीट लावायचे आणि उरलेला नफा शाळा, मंदिर किंवा गावच्या अन्य कामाला वापरायचा. आश्रयाची जागा अशा रीतीने सामूहिक जोखमीने घेतली, कारण प्रयोग पडला तर तोटा मंडळाच्या सभासदांना सोसावा लागे.

मराठी रंगभूमीचा आरंभ विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत केलेल्या प्रयोगापासून मानतात, आणि १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलाने संगीत नाटकाचे युग सुरू झाले. ही वळणे झाडीपट्टीत पोचली तेव्हा ती दंडारीच्या मुळावर कलम झाली. पडदे, तीन अंकांची रचना, ऑर्गनची साथ आणि पदे नाटकाकडून आली; विनोदी पात्राचा मुक्त वावर, प्रेक्षकांशी थेट बोलणे आणि पहाटेपर्यंत चालणे हे दंडारीकडून टिकले. पुण्या-मुंबईत संगीत नाटकाला ओहोटी लागल्यानंतरही येथे गाणारा नट आणि रंगमंचालगत बसलेले वादक यांना मागणी राहिली. गोंदियाहून चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला आणि त्यावरील वडसा, म्हणजे आजचे देसाईगंज, हे नाटक कंपन्यांचे केंद्र बनले. दिवाळीच्या सुमारास तेथे कंपन्यांची कार्यालये उघडतात, गावोगावची मंडळे येऊन तारखा ठरवतात आणि होळीपर्यंत प्रयोग चालतात. बरेचसे कलावंत उरलेल्या वर्षात शेती किंवा मजुरी करतात. गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. सुमारे ८०० भूमिका आणि ५,००० हून अधिक प्रयोग अशी त्यांच्या कारकिर्दीची नोंद त्या वेळी प्रसिद्ध झाली. एका नटाच्या आयुष्यात इतके प्रयोग बसतात, यावरून मंडईच्या फिरत्या वेळापत्रकाची घनता लक्षात येते.

गाव बदलले, कंपनी बाहेरची आली, तरी अन्नाचा संकेत मोडला नाही. कलावंतांच्या जेवणाची सोय आयोजकांनी करावी अशी रीत आहे, आणि लहान गावात ती कुणाच्या तरी घरीच होते. रात्री राजा किंवा खलनायक म्हणून दिसणारा नट आदल्या संध्याकाळी त्याच गावातील एखाद्या ओसरीवर जेवलेला असतो. दारात आलेल्या पात्राला अन्न देण्याचा जुना संकेत व्यावसायिक रंगभूमीत अशा प्रकारे करारातील अलिखित कलम म्हणून राहिला आहे.

रात्रभराचे नाटक आणि निवाऱ्याचा प्रश्न

झाडीपट्टीचे नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. या लांबीचे कारण सहसा रसिकांच्या हौसेत शोधले जाते, परंतु त्यामागे पाहुणचाराचे गणितही असावे असे मानण्यास जागा आहे. घर दहा-वीस पाहुण्यांना जेवू घालू शकते. तितक्यांना अंथरूण-पांघरूण देणे लहान घरांना शक्य नसते. बैलगाडीच्या काळात रात्री जंगलातून परतणे धोक्याचे होते, आणि पुढे बस आली तीही सकाळीच सुटे. ज्या नाटकाने पाहुण्यांना उजाडेपर्यंत धरून ठेवले, त्याने घराची मोठी अडचण सोडवली. मध्यरात्री संपणारे नाटक शहराला सोयीचे असते, कारण प्रेक्षकाला आपले घर जवळ असते. मंडईच्या प्रेक्षकाचे घर दोन-तीन नद्यानाल्यांपलीकडे असे.

मंडपाची रचनाही याच परिस्थितीतून आली. कापणी झालेल्या बांधीत किंवा गावाबाहेरील पडीक जागेत प्रेक्षकांसाठी जमीन उतरती खणून तिची माती पुढे टाकायची आणि त्या मातीचा रंगमंच करायचा, अशी येथील पद्धत होती. त्यामुळे मागच्यांनाही दिसते, खड्ड्यात वारा कमी लागतो आणि हजारोंची बैठक लाकूडफाट्याच्या फारशा खर्चाशिवाय तयार होते. लोक घरून पोती, चटया, घोंगड्या आणून बसत. शेजारी बहुधा तेच असत ज्यांच्याबरोबर दुपारी पंगतीला बसणे झाले. अंकांच्या मधल्या वेळेत मंडपाबाहेरच्या टपऱ्यांवर चहा आणि भजी खाल्ली जातात, आणि त्या वेळी यजमान-पाहुण्यांचे गट पुन्हा एकत्र येतात.

हिवाळा सरत आला की मंडईची जागा शंकरपट घेतो. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. दिवसा पट पाहण्यासाठी आलेल्या गर्दीसाठी रात्री नाटक ठेवणे हा झाडीपट्टीचा दुसरा ठरलेला योग आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा दिवसाची गर्दी नाहीशी होऊन त्यावर अवलंबून असलेल्या नाट्यप्रयोगांनाही झळ बसली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने महाराष्ट्रातील शर्यतींना अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्याआधी, २०२० च्या दिवाळीनंतर, कोरोनाच्या साथीमुळे मंडई आणि नाटके यांचा हंगामच कोलमडला होता. साथीच्या काळात शहरी नाटकाने पडद्यावरचे प्रक्षेपण वगैरे पर्याय शोधले, परंतु मंडईच्या नाटकाला तसा पर्याय उपयोगी नव्हता, कारण घरी पाहुणा येणार नसेल तर रात्रभर नाटक करण्याचे प्रयोजनच उरत नव्हते.

विकत घेतलेला पाहुणचार

अमेरिकेत १९५५ मध्ये डिस्नेलँड सुरू झाले आणि चित्रपटातील पात्रे प्रत्यक्ष चालती-बोलती करून पाहुण्यांना भेटवण्याचा व्यवसाय जगभर पसरला. पुढे त्याच कंपनीच्या विश्रामस्थळांत पात्रे जेवणाच्या टेबलापाशी येऊन ग्राहकांबरोबर छायाचित्रे काढू लागली. भारतात मुंबईजवळ १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड आणि २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले. इमॅजिकात एकेका विषयाला धरून सजवलेली उपाहारगृहे होती. जयपूरच्या चोखी ढाणीने १९८९ पासून राजस्थानी खेड्याचा देखावा, लोककलावंत आणि पंगत एकाच प्रवेशशुल्कात देण्याचा नमुना रुजवला, आणि त्याचे अनुकरण महाराष्ट्रातील शहरांभोवतीही झाले. एकोडीच्या परिसरात ही लाट जंगलपर्यटनाच्या रूपाने पोचली आहे: नागझिरा अभयारण्य १९७० मध्ये घोषित झाले, नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये, आणि २०१३ मध्ये दोन्हींचा समावेश असलेला व्याघ्रप्रकल्प झाला; साकोली हे त्याकडे जाण्याचे एक मुख्य ठाणे असून जंगलाच्या कडेला पर्यटकांसाठी निवासस्थाने उभी राहिली आहेत.

या दोन व्यवस्थांमधील फरक भावनेपेक्षा हिशेबाच्या अंगाने अधिक नीट समजतो. विश्रामस्थळात खुर्ची, ताट, पात्राचा वेष आणि त्याचे हसू या साऱ्यांचे मोल एकाच देयकात असते आणि ते ग्राहक एकटा भरतो. त्याच्यावर परतीच्या आमंत्रणाचे बंधन उरत नाही, हेच त्या व्यवहाराचे सुख आहे. मंडईत जेवणाचा खर्च घर उचलते, मंचाची जोखीम मंडळ घेते, तिकीट पाहुणा किंवा त्याचा यजमान काढतो, आणि कलावंताचे पोट गाव भरते. चार ठिकाणी विभागलेला हा भार कुणालाही एकट्याला पेलावा लागत नाही, म्हणूनच हाती रोकड कमी असलेल्या धानउत्पादक गावांना दरवर्षी व्यावसायिक नाटक परवडले. या विभागणीची किंमतही होती. ती स्त्रियांनी श्रमांतून आणि दलितांनी अपमानातून दीर्घकाळ चुकवली, आणि विकतच्या मेजवानीत निदान प्रवेश तरी जात विचारून मिळत नाही, ही तिची जमेची बाजू नाकारता येत नाही.

अलीकडे मंडईच्या व्यवस्थेवर ताण आला आहे. मोटारसायकलमुळे पाहुणा मुक्कामाला न थांबता रात्रीच परततो, रोजगारासाठी नागपूर, पुणे, हैदराबादकडे गेलेल्या तरुणांना भाऊबिजेनंतर फार दिवस राहता येत नाही, आणि मोठा बेत करणाऱ्या घरांना तो खर्च जड वाटू लागला आहे. झाडीपट्टी रंगभूमीच्या भवितव्याची चर्चा होते तेव्हा अनुदान, नाट्यगृह आणि कलावंतांचे निवृत्तिवेतन यांचा विचार प्राधान्याने होतो, आणि तो आवश्यकही आहे. तथापि ही रंगभूमी तिकीटबारीच्या आधी घराच्या आमंत्रणावर उभी आहे, हे या प्रथेच्या इतिहासातून दिसते. मालगुजारी गेली तेव्हा मंडळाने वाड्याची जागा घेतली आणि नाटक वाचले, कारण घरोघरीचे जेवण तेव्हा चालूच राहिले. ते जेवण आटले तर त्याची जागा घेणारी दुसरी संस्था अजून गावात उभी राहिलेली नाही, आणि म्हणून मंडईला येणाऱ्या पाहुण्यांची संख्या हीच या नाटकाच्या प्रकृतीची सर्वांत विश्वासार्ह खूण मानावी लागते.